हातातल्या रामन यंत्राला चांदीची जोड : काय जमेल, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा : "मी नवी मुंबईत रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, आहे. कच्चा माल ओळखायला आमच्याकडे ७८५ नॅनोमीटरच्या लेझरचं हातातलं रामन यंत्र आहे. चांदीचे नॅनोकण वापरले की त्याच यंत्रावर पीपीबी (अब्जात एक भाग) पातळीची विषारी रसायनं दिसतात असं वाचलं. शेजारच्या प्लेटिंगवाल्याच्या सांडपाण्यातलं सायनाइड आणि वाशीच्या एपीएमसीतून आमच्या कँटीनला येणाऱ्या भाजीवरची कीटकनाशकं आम्हाला इथल्या इथे तपासता येतील का? कोलॉइड विकत घ्यावं की बनवावं?"

जमेल. पण ही दोन कामं पूर्णपणे वेगळी आहेत. कोलॉइडची, म्हणजे धातूचे नॅनोकण तरंगत असलेल्या द्रवाची, एकच बाटली घेऊन दोन्हीकडे धावलात तर दोन्हीकडे फसाल. आणि एक गोष्ट तुमच्या साहेबांच्या कानावर आजच घाला : या पद्धतीत काही दिसलं तर त्याला बराच अर्थ असतो, काही दिसलं नाही तर जवळजवळ काहीच अर्थ नसतो. कोऱ्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखात एकही शिखर नसताना, 'नमुना स्वच्छ' असा शिक्का मारण्याची घाई नेहमी वरूनच होते.

आधी थोडं भौतिकशास्त्र. तेवढ्याशिवाय पुढचं पटणार नाही. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांना दिसलेला परिणाम मुळात फारच क्षीण आहे. रेणूंवरून विखुरलेल्या कोटीभर फोटॉनांपैकी एखादाच ऊर्जा बदलून परततो, आणि त्या बदलावरूनच रेणू ओळखू येतो. पोत्यातल्या पावडरीत रेणू अगणित असतात, म्हणून तुमचं यंत्र पिशवीबाहेरून पॅरासिटामॉल ओळखतं. पाण्यातल्या पन्नास पीपीबीपुढे मात्र ते आंधळं असतं. १९७४ मध्ये साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा भलताच जोरकस सिग्नल नोंदवला. पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू बसले, म्हणून सिग्नल वाढला, असा त्यांचा अंदाज होता. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेर आणि व्हॅन डाइन यांनी, आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट आणि क्राइटन यांनी, वेगवेगळं काम करून दाखवलं की एवढ्याने हिशेब बसत नाही. दर रेणूमागेच सिग्नल लाख ते दहा लाख पट वाढतोय. या पद्धतीला (सरफेस-एन्हान्स्ड रामन स्कॅटरिंग) आपण सगळे 'सर्स' म्हणतो, मीही तेच म्हणेन.

वाढ होते ती धातूच्या कणातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. योग्य रंगाचा प्रकाश पडला की ते सगळे मिळून हेलकावतात आणि कणाच्या अगदी लगतचं विद्युतक्षेत्र कैकपट होतं. येणारा लेझरही वाढतो आणि परतणारा रामन प्रकाशही, त्यामुळे सिग्नल त्या क्षेत्राच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट, तर सिग्नल दहा हजारपट. दोन कण एकमेकांपासून नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरवर आले की मधल्या फटीत ही वाढ टोकाला जाते, आणि फटीपासून जरा दूर गेलं की तितक्याच झपाट्याने कोसळते. २००८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने एका चांदीच्या सब्सट्रेटवर, म्हणजे नमुना ठेवायच्या खास पृष्ठभागावर, याची मोजणी केली. दहा लाख जागांमागे सर्वांत तापट अशा अवघ्या ६३ जागा होत्या, आणि एकूण सिग्नलपैकी २४ टक्के त्यांच्याकडून येत होता. हा आकडा मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. तुमच्या यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं ते 'बाटलीत किती रसायन आहे' याचं उत्तर नसतं. त्या मोजक्या फटींमध्ये कोण जाऊन बसलं, याचं ते उत्तर असतं.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नाही, कणांचाही नाही. तुम्हाला शोधायचं आहे ते रसायन चांदीला किंवा सोन्याला चिकटतं का?

गंधक असलेले रेणू धावत येतात. नायट्रोजनची वलयं, नायट्राइल, अमाइन हेही बऱ्यापैकी येतात. धन प्रभार असलेले रंग, म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट, मॅलाकाइट ग्रीन, ऱ्होडामिन, सायट्रेट वापरून बनवलेल्या कणांवर आपोआप खेचले जातात, कारण त्या कणांवर ऋण प्रभार असतो. शोधनिबंधांमध्ये हेच रंग पुन्हा पुन्हा का दिसतात ते यावरून लक्षात येईल. ऱ्होडामिन ६जी वर मिळालेली संवेदनशीलता दाखवून कोणी सब्सट्रेट विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि तुमचं रसायन घालून दाखवायला सांगा. दुसऱ्या टोकाला बेंझिन, टोल्युइन, लिंडेन, डीडीटी, एंडोसल्फान ही मंडळी. धातूकडे यायला त्यांना काही कारणच नाही. त्यांच्यासाठी कणांवर आधी दुसरा रेणू बसवावा लागतो, जो त्यांना पकडून ठेवेल. हे संशोधनाचं काम आहे, क्यूसीच्या टेबलावरचं नाही. शिसं, कॅडमियम, पारा यांच्या सुट्या आयनांना तर स्वतःचं कंपनच नाही, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये थेट रामन पीकही (शिखर) नाही. ते 'सर्सने शोधले' असं जेव्हा वाचाल तेव्हा दुसऱ्या एखाद्या रेणूचा पीक कमी-जास्त झालेला असतो.

आता तुमच्या दोन कामांकडे.

सायनाइड कागदावर अगदी आदर्श उमेदवार आहे. कार्बन-नायट्रोजनचं तिहेरी बंधन चांदीवर बसलं की साधारण २१०० ते २१४० सेमी⁻¹ (रामन आलेखाच्या आडव्या अक्षाचं एकक) या पट्ट्यात पीक देतं, आणि तिथे सेंद्रिय रसायनांची गर्दी जवळजवळ नसते. संवेदनशीलतेचाही प्रश्न नाही. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सायनाइडची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २०० आणि ५० पीपीबी. इतकं सर्स आरामात पाहू शकतं. एक रेणू दिसल्याच्या १९९७ पासूनच्या बातम्या वाचून भारावून जाऊ नका; आपल्या कामाला तेवढी मजल लागतच नाही.

गोम पुढे आहे. सायनाइड चांदीला नुसतं चिकटत नाही, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तिला विरघळवतं. खाणीत सोनं काढायला हेच रसायनशास्त्र वापरतात. त्यामुळे नमुन्यात सायनाइड जास्त असेल तर कोलॉइडचा पिवळा रंग डोळ्यांदेखत फिका होतो आणि सिग्नल वाढायच्या ऐवजी नाहीसा होतो. सर्वांत विषारी नमुना सर्वांत कोरा दिसू शकतो! म्हणून नमुना नेहमी दोन-तीन विरलतांवर तपासायचा, आणि रंग उतरला तर तीच निशाणी समजायची.

दुसरं, प्लेटिंगच्या पाण्यात सगळं सायनाइड मोकळं नसतं. जस्त, तांबं, लोखंड यांच्याशी ते बांधलेलं असतं, आणि लोखंडाशी बांधलेलं तर सहजी सुटत नाही. तुम्हाला दिसेल ते बहुतांशी मोकळं किंवा सैल बांधलेलं. नियमातला आकडा आणि तुमचा पीक यांचा थेट संबंध लावता येणार नाही.

तिसरं, प्लेटिंगवाले सायनाइड मारायला अल्कली करून हायपोक्लोराइट घालतात. ते उरलेलं असेल तर तुमच्या चांदीचं ऑक्सिडेशन होऊन सिल्व्हर क्लोराइड होणार. आणि क्लोरीन काढायला हाताशी असतं ते थायोसल्फेट. ते मात्र इथे चालत नाही. फोटोग्राफीच्या 'हायपो'त तेच असतं, ते चांदीला सायनाइडच्या आधी गाठतं आणि पृष्ठभाग अडवून बसतं. एस्कॉर्बिक आम्ल वापरा.

आणि चौथं, जे खरं तर पहिलं असायला हवं. काही लोक कण गोळा व्हावेत म्हणून कोलॉइडमध्ये नायट्रिक आम्लाचा थेंब टाकतात. सायनाइडच्या नमुन्यात हे कधीही करायचं नाही. हायड्रोसायनिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला ते निम्मं आम्ल, निम्मं आयन असतं) ९.२ च्या आसपास आहे. त्याखाली गेलात की वायू सुटायला लागतो. नमुना घेतानाच सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर ठेवा आणि सगळं काम चालू फ्यूम हूडमध्ये करा, एकट्याने नको. असा अल्कलीयुक्त नमुना अॅल्युमिनियम फॉइलवरही ठेवू नका, फॉइल खाल्लं जाईल. क्वार्ट्झची क्युवेट (नमुन्याची छोटी चौकोनी नळी) वापरा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं मत विचाराल तर, तुमच्या जागी मी असतो तर सायनाइडसाठी सर्सच्या फंदात पडलो नसतो. डिस्टिलेशन करून पिरिडीन-बार्बिट्युरिक आम्लाची रंगमापन पद्धत जुनी आहे, कंटाळवाणी आहे, पण एकूण सायनाइड देते आणि कोणीही तिच्यावर शंका घेत नाही. प्राथमिक अंदाजाला साध्या टेस्ट किट मिळतात. शिवाय शेजाऱ्याच्या गटारातून तुम्ही बाटली भरून आणलीत तरी कायद्यात तिला किंमत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कोणी, कोणासमोर, कसा घ्यायचा ते लिहिलेलं आहे, आणि ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांचं. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात गटारं एकमेकांत मिसळलेली असतात, तेव्हा 'हे त्याचंच' हे सिद्ध करणं रसायनशास्त्राच्या पलीकडचं आहे. संशय पक्का असेल तर सरळ एमपीसीबीकडे (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) तक्रार करा.

भाजीकडे मात्र मी उत्साहाने वळेन, कारण तिथे ही पद्धत खरोखर उपयोगाची आहे.

सुरुवात थायरमने करा. बीजप्रक्रियेमुळे हे बुरशीनाशक आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे. त्याच्या रेणूच्या मध्यावर गंधक-गंधक बंधन आहे. चांदीला भिडताच ते तुटतं आणि दोन्ही अर्धुकं घट्ट बसतात. १३८० सेमी⁻¹ च्या आसपास दणदणीत पीक येतो. हात बसवायला यापेक्षा दयाळू रसायन नाही. त्यानंतर थायाबेंडाझोल घ्या, फळांवर काढणीनंतर लावतात ते. ७८२ आणि १०१० च्या आसपासचे पीक पाहा. गंधकवाल्या ऑर्गनोफॉस्फेटांपैकी क्लोरपायरीफॉस जमतं, पण त्याला जास्त मेहनत लागते.

थायरमच्या याच गुणात एक मोठी मेख आहे. झिरम, फर्बम हीही चांदीवर बसताना तेच अर्धुक देतात, त्यामुळे तिघांचे स्पेक्ट्रम जवळजवळ सारखे. 'डायथायोकार्बामेट गटातलं काहीतरी आहे' इतकंच तुम्ही म्हणू शकता. आणि रबर पक्कं करताना, म्हणजे हातमोजे बनवतानाही, याच कुळातली रसायनं वापरतात. रबरी मोजे घालून कोथिंबिरीची जुडी चोळलीत तर तुम्ही मोजेच तपासाल. रबरी बूच, ड्रॉपरचा फुगा, रबर सेप्टम या सगळ्यांचं हेच. पॉलिथिनचे मोजे घाला आणि भाजी न लावता नुसत्या मोज्याचा ब्लँक, म्हणजे नमुन्याविना मोजणी, एकदा चालवून बघा. यंत्र, सॉल्व्हंट, कापसाचा बोळा, फॉइल, कोलॉइड, मीठ यांतल्या प्रत्येकाचा ब्लँक त्याच दिवशी घ्यायचा. ज्याच्याकडे ब्लँकांची फाइल जाडजूड नाही त्याच्या पीकवर मी विश्वास ठेवत नाही.

पद्धत साधी ठेवा. सालीचा ठरावीक चौकोन मेथनॉलने किंचित ओल्या बोळ्याने पुसायचा, बोळा थोड्या मेथनॉलमध्ये पिळायचा, त्यातलं मोजकं कोलॉइडमध्ये. टोमॅटो, वांगं, सफरचंद, ढोबळी मिरची यांवर हे छान जमतं. पालक आणि मेथी त्रास देतात : हरितद्रव्याची चमक पार्श्वभूमी उचलते. गाजर आणि लाल मिरचीत कॅरोटिनॉइड ११५७ आणि १५२५ च्या आसपास डोकं वर काढतात. ते विष नव्हे, भाजीचा रंग आहे. पालेभाजीसाठी अर्क काढून शोषक पावडरीने साफ करावाच लागतो. आणि पुसून मिळतं ते सालीवरचं. आंतरप्रवाही कीटकनाशक गरात गेलेलं असेल तर बोळ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादा किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतात, जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे भाज्या-फळांना सर्वसाधारणपणे ०.०१ धरतात, तुमचा बोळा देतो ते चौरस सेंटीमीटरमागचं. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायला पूल नाही. तेव्हा बोळ्याचा निकाल कँटीनच्या ठेकेदाराशी बोलण्यापुरता आणि कोणती पेटी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची हे ठरवण्यापुरता वापरा. तिथे एलसी-एमएस किंवा जीसी-एमएसवर जो आकडा येईल तो खरा. पन्नास पेट्यांतून संशयाच्या चार निवडणं हे काम सर्स स्वस्तात आणि मिनिटांत करतं, आणि माझ्या मते तिची खरी जागा तीच.

आता कोलॉइड. बनवा. विकतचं चांगलं असतं, पण बाटली उघडल्यावर ते कसं बिघडतं हे कळायला एकदा तरी स्वतः बनवावं लागतं.

चांदीसाठी १९८२ ची ली-माइझल पद्धत अजून चालते. ५०० मिली शुद्ध पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, उकळी आल्यावर ढवळत १ टक्का सोडियम सायट्रेटचं १० मिली, आणि तासभर मंद उकळी. शेवटी हिरवट-पिवळा गढूळ द्रव मिळतो, यूव्ही-दृश्य शोषणाच्या आलेखात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर. यात कणांचे आकार बरेच मिसळलेले असतात, दोन बॅच जुळ्या निघत नाहीत. घाई असेल तर हायड्रॉक्सिलामिनची २००३ ची पद्धत बघा, खोलीच्या तापमानाला होते आणि उकळत बसावं लागत नाही. सोन्यासाठी टर्केविच-फ्रेन्स : ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्ल उकळून त्यात सायट्रेट. सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात. सोन्याचं नाव ऐकून दचकू नका, एक ग्रॅम क्षारातून दहा लिटर कोलॉइड होतं. सोन्याचा सिग्नल चांदीपेक्षा कमी, पण ते टिकतं, आणि ७८५ ला दोन्ही चालतात. ५३२ च्या हिरव्या लेझरवर मात्र सोनं जवळपास निरुपयोगी.

काचसामान चांदीसाठी नायट्रिक आम्लाने धुवा. अॅक्वा रेजियाने धुतलंत तर मागे राहिलेलं क्लोराइड पहिल्याच थेंबाला चांदीचं दही करून टाकतं. नळाचं पाणी शेवटच्या विसळणीलाही नको.

सुटा कण ७८५ ला अनुनादात येत नाही. ४२० किंवा ५२० च्या शिखरापासून तो फार लांब असतो. कण एकत्र आले की शोषण लाल रंगाच्या पलीकडे सरकतं, फटीही तयार होतात. म्हणून नमुना मिसळल्यावर थोडं मीठ घालायचं, सोडियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट. सोनं लालचं जांभळं, मग निळसर होतं. चांदी पिवळ्यावरून राखाडीकडे जाते. मिठाआधी नमुना, हा क्रम बदलू नका. रेणू बसायला जागा मिळाली पाहिजे. आणि मीठ घातल्यापासून वेळ धरा. गोळे वाढतच राहतात, सिग्नल चढतो, टेकतो, आणि कण तळाला बसले की उतरतो. प्रत्येक नमुना त्याच मिनिटाला मोजायचा. सांडपाण्यात किंवा भाजीच्या अर्कात मुळातच क्षार आणि प्रथिनं असतात. क्षार कणांना नको तेव्हा गोळा करतात, प्रथिनं आणि साबण त्यांना गुंडाळून गोळाच होऊ देत नाहीत. शुद्ध पाण्यात मिळालेली मर्यादा खऱ्या नमुन्यात दहा-शंभरपटीने बिघडली तर आश्चर्य मानू नका.

छापील सब्सट्रेट घ्यायचे असतील तर आपल्या हवेचा विचार करा. ऐरोली-वाशीकडे ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि चांदी त्याने काळी पडते. घरातली देवाची भांडी पावसाळ्यात किती लवकर काळवंडतात ते आठवा. नॅनोकणांचा तर सगळा कारभारच पृष्ठभागावर. नायट्रोजन भरलेलं पाकीट फोडलं की सब्सट्रेट त्याच दिवशी संपवा.

यंत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडाल तिथेच. तुमच्या यंत्राची लायब्ररी शुद्ध पावडरींची आहे. धातूवर बसलेल्या रेणूचा स्पेक्ट्रम वेगळा असतो : काही पीक सरकतात, काही गायब होतात, रेणू आडवा पडला की उभा राहिला यावर कोणते वाढतील ते ठरतं. 'पास-फेल'वर विसंबलात तर थायरमलाही यंत्र ओळखणार नाही. कच्चा स्पेक्ट्रम बाहेर काढता येतो का ते आधी तपासा, आणि स्वतःच्या कोलॉइडवर स्वतःची लायब्ररी बांधा. लेझरची शक्ती कमीत कमी ठेवा. १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद, थरथरणारे उंचवटे दिसले तर ते जळून झालेल्या कार्बनचे असतात, आणि आजवर किती जणांनी त्यांना कीटकनाशक म्हणून मिरवलंय याची गणती नाही. साध्या काचेलाही ७८५ वर स्वतःचा रुंद उंचवटा आहे. भाजीच्या अर्कासाठी अॅल्युमिनियम फॉइलवर थेंब ठेवणं स्वस्त आणि चांगलं. आणि कच्चा माल पास करणारं जीएमपीतलं (औषध उत्पादनाच्या नियमांखालचं) यंत्र या खेळासाठी उचलण्याआधी क्यूएला (गुणवत्ता हमी विभाग) लेखी कळवा, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये थायरमपेक्षा मोठी भानगड निघेल.

आकडा काढायचा मोह होईल. पीकची उंची आणि संहती यांचा आलेख सुरुवातीला सरळ चढतो, मग सपाट होतो, कारण पृष्ठभागावरच्या जागा भरतात. सपाट भागात दुप्पट रसायन घातलं तरी पीक हलत नाही. दोन्ही अक्ष लॉगमध्ये काढून ही सपाटी सरळ रेषेसारखी दाखवता येते, बऱ्याच शोधनिबंधांत ते दिसतंही. तुम्ही करू नका. २०२० मध्ये युरोपातल्या १५ प्रयोगशाळांनी आधी ठरवून दिलेल्या सारख्याच पद्धतींनी अॅडेनीन मोजलं, त्याचे निकाल वाचा. जाणकार हातांतही वेगवेगळ्या यंत्रांवर आकडे जुळवणं किती कठीण जातं ते त्यात दिसतं.

यावर मला भरवशाचा वाटलेला मार्ग म्हणजे प्रमाणित भर. नमुन्याचे चार भाग करा. एक तसाच. उरलेल्या तिघांत शोधायचं रसायन वाढत्या, माहीत असलेल्या मात्रेत घाला. चारही एकाच बॅचच्या कोलॉइडवर, एकाच मिनिटाला. पीक पायरीपायरीने वाढला तर मागे जाऊन मूळ मात्रेचा अंदाज येतो. आणि भर घालूनही पीक उगवलाच नाही, तर कळतं की या नमुन्यात तुमची चांदी आंधळी झाली आहे. मग 'आढळलं नाही' असं न लिहिता 'तपासता आलं नाही' असं लिहायचं. माझ्या वहीत हे दोन रकाने वेगळे असतात, आणि दुसरा बहुतेक वेळा जास्त भरतो.

मासळीबद्दलही कोणी विचारेलच. तळ्यात वाढवलेल्या माशांतलं बंदी असलेलं मॅलाकाइट ग्रीन सर्सला फार सुंदर दिसतं, पण माशाच्या अंगात त्याचं रंगहीन ल्युको रूप होतं आणि तेच जास्त काळ टिकतं. अर्काचं आधी ऑक्सिडेशन करून रंग परत आणावा लागतो. ते न करता 'मासा स्वच्छ' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

शेवटी सांडलवंड. वापरलेलं कोलॉइड आणि सिल्व्हर नायट्रेटचं धुवण बेसिनमध्ये ओतू नका. चांदी जिवाणूंना मारते, आणि तुमच्या ईटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) गाळ जिवाणूंवरच चालतो. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, मीठ घालून क्लोराइड म्हणून खाली बसवा, गाळून घातक कचऱ्यात द्या. सायनाइडचा नमुना पडलेलं काहीही या कॅनमध्ये टाकायचं नाही. त्याची बाटली वेगळी, अल्कलीत, झाकण घट्ट, वर ठळक लेबल, आणि आम्लाच्या कपाटापासून लांब.